नव्या शिक्षकासाठी: रुजू होण्यापासून पहिलं सत्र संपेपर्यंत

शिक्षक-प्रशिक्षणात सराव पाठ घेताना वर्ग दुसऱ्या कुणीतरी आधीच बसवलेला असतो. मुलांना शिस्तीची सवय लागलेली असते, मागच्या बाकावर मार्गदर्शक असतात आणि पाठ संपला की तुमचं काम संपतं. नोकरीला लागल्यावर यातलं काहीच तयार मिळत नाही. बहुतेक नवे शिक्षक आपण काय बोलायचं याची रात्री जागून तयारी करतात, आणि वर्गात अडतात ते मात्र भलत्याच ठिकाणी: वह्या वाटताना उडालेला गोंधळ, पाच मिनिटांत गणित सोडवून रिकामी बसलेली मुलं, घंटेआधीच भरली जाणारी दप्तरं. म्हणून तयारी करताना स्वतःला एकच प्रश्न सतत विचारा: या मिनिटाला वर्गातली मुलं नेमकं काय करत असतील? खालची प्रत्येक पायरी या ना त्या प्रकारे याच प्रश्नाकडे येते.

१. रुजू होताना लागणारी कागदपत्रं

नियमांचे तपशील ठिकाणानुसार बदलतात, पण हा संच जवळपास सगळीकडे मागतात:

- नियुक्तिपत्र आणि त्याच्या तीन प्रती
- पदवी, अध्यापन पदविका किंवा पदवी आणि पात्रता परीक्षेची प्रमाणपत्रं, गुणपत्रकांसह
- ओळखपत्र आणि जन्मतारखेचा पुरावा
- आधी नोकरी केली असेल तर अनुभव दाखला आणि कार्यमुक्तीचं पत्र
- बँक खात्याचा तपशील, पासपोर्ट आकाराचे फोटो
- मागितले असतील तर वैद्यकीय तंदुरुस्तीचा आणि चारित्र्याचा दाखला

इथे तीन चुका नेहमी होतात. पहिली, मूळ प्रमाणपत्रं कार्यालयात ठेवून येणं. पडताळणीसाठी दाखवा आणि परत घ्या. ठेवावीच लागली तर कोणती कागदपत्रं दिली याची यादी करून तिच्यावर सहीशिक्क्याची पोच घ्या. दुसरी, नावातला फरक. एका कागदावर पूर्ण नाव, दुसऱ्यावर आद्याक्षरं, तिसऱ्यावर लग्नाआधीचं आडनाव असं असेल तर पहिला पगार त्यातच अडकतो, म्हणून फरक आधीच शोधून त्याचा पुरावा जोडा. तिसरी आणि सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे रुजू झाल्याची तारीख लेखी न घेणं. रुजू अहवालाच्या स्वतःच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख टाकून घ्या. पगार, सेवाज्येष्ठता, परिविक्षा (नोकरी कायम होण्याआधीचा चाचणीचा) काळ सगळं त्या तारखेपासून मोजलं जातं.

२. पहिल्या तासाआधी विचारायचे प्रश्न

एका कागदावर लिहून न्या आणि मुख्याध्यापकांना किंवा विषयाच्या ज्येष्ठ शिक्षकांना एकाच बैठकीत विचारा. माझं वेळापत्रक कोणतं आणि प्रत्येक वर्गाचा पट किती? अभ्यासक्रम कुठपर्यंत शिकवून झालाय? पहिली चाचणी कधी, किती गुणांची, प्रश्नपत्रिका कोण काढतं? हजेरी कोणत्या तासाला घ्यायची? वर्गात हाताबाहेर काही गेलं तर आधी कुणाकडे जायचं? आग किंवा अन्य संकटाच्या वेळी वर्ग कोणत्या दरवाज्याने, कुठे न्यायचा? शाळा सुटल्यावर लहान मुलांना कुणाच्या ताब्यात द्यायचं?

आणखी एक प्रश्न नवखे हमखास विसरतात: या वर्गात कुणाला दमा, फिट येणं, मधुमेह, एखाद्या गोष्टीची तीव्र ॲलर्जी असा त्रास आहे का, आणि त्या वेळी काय करायचं ठरलंय? कुणाला कमी ऐकू येतं, कुणाला फळा दिसत नाही, हेही त्यातच विचारा. ही माहिती पहिल्या दिवशी हातात असायलाच हवी.

आधीच्या शिक्षकांकडून मुलांच्या सवयी जाणून घ्यायला हरकत नाही. पण ‘हा वात्रट, ती ढ’ अशी यादी मिळाली तर ती बाजूला ठेवा. तुम्ही तिच्यावर विश्वास ठेवलात की ते मूल पहिल्या तासापासून तुम्हाला तसंच दिसू लागतं.

३. रिकामा वर्ग बघून घ्या

मुलं यायच्या आधी अर्धा तास वर्गात एकट्याने घालवा. फळ्यावर तीन ओळी लिहा, प्रत्येक ओळीचं अक्षर आधीच्यापेक्षा मोठं. मग शेवटच्या बाकावर जाऊन बसा, दोन्ही कोपऱ्यांत बसून बघा. साधारण आठ मीटर अंतरावरून मात्रा, अनुस्वार आणि रफार स्पष्ट दिसायला अक्षर चार ते पाच सेंटिमीटर उंच लागतं. नवखे शिक्षक याच्या निम्म्या आकारात लिहितात, कारण फळ्याजवळ उभं राहिलं की तेवढंही मोठंच वाटतं. खिडकीच्या उजेडाने फळ्याचा कोणता भाग चकाकतो तेही पाहा आणि तिथे महत्त्वाचं काही लिहू नका. गडद फळ्यावर पांढरा आणि पिवळा खडू उठून दिसतो, लाल आणि निळा मागच्या बाकांवर पोचत नाही. काही मुलांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, त्यामुळे फक्त रंगाने भेद दाखवू नका. अधोरेखन किंवा चौकट करा.

फळ्याचे तीन भाग मनात ठरवून टाका. डावीकडची अरुंद पट्टी तारीख, घटक आणि नवीन शब्दांसाठी, मधला मोठा भाग मुलांनी वहीत उतरवायच्या मजकुरासाठी, उजवीकडचा भाग कच्च्या कामासाठी. पुसायचा तो फक्त उजवा भाग. मधला भाग तास संपेपर्यंत तसाच राहिला की हळू लिहिणारं मूलही मागे पडत नाही. खडू किंचाळत असेल तर त्याचे दोन तुकडे करा आणि फळ्याशी तिरका धरून लिहा.

बरोबर ठेवायच्या वस्तू फार नाहीत: खडू, डस्टर किंवा ओलं फडकं, मनगटावर घड्याळ, चार-पाच जादा पेन्सिली, मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या आणि पेन्सिलीने काढलेला बैठकीचा आराखडा. घड्याळ मनगटावरच हवं. वेळ बघायला मोबाईल काढलात की मुलांचं लक्ष मोबाईलकडे जातं. जादा पेन्सिली यासाठी की ‘माझ्याकडे पेन नाही’ हा संवाद पाच सेकंदांत मिटावा.

४. पहिला आठवडा: नावं आणि सवयी

पहिल्या तासाला स्वतःबद्दल दोन वाक्यं पुरेत. दाराशी उभे राहा, मुलं आत येताना प्रत्येकाकडे बघा, आणि फळ्यावर आधीच एक छोटं काम लिहून ठेवा: तीन प्रश्न, एक उतारा, एक आकृती. आत आल्याबरोबर करायला काहीतरी असलं की वर्ग आपोआप बसतो. नावं बैठकीच्या आराखड्यावरून रोज दहा या हिशेबाने पाठ करा. ४५ चा वर्ग पाच दिवसांत होतो. नाव घेऊन बोलावलेलं मूल आणि ‘ए, तू तिसऱ्या बाकावरचा’ म्हणून बोलावलेलं मूल यांच्या प्रतिसादात फार फरक असतो.

याच आठवड्यात सहा गोष्टींची सवय लावा: वर्गात येणं, शांत होण्याची खूण, वह्या वाटणं आणि गोळा करणं, परवानगी मागणं, काम लवकर संपलं तर काय करायचं, आणि तास संपताना काय करायचं. प्रत्येक सवय सांगा, करून दाखवा, मुलांकडून करून घ्या, चुकलं तर न रागावता पुन्हा करून घ्या.

वह्या वाटण्याचंच बघा. शिक्षक एकेक नाव पुकारून वह्या वाटतात तेव्हा ४५ वह्यांना सहज पाच मिनिटं लागतात, आणि ज्यांना वही मिळाली ती मुलं तोवर गप्पा मारतात. वह्या गोळा करतानाच रांगेप्रमाणे घेतल्या, प्रत्येक रांगेचा गठ्ठा वेगळा ठेवला आणि पुढच्या बाकावरच्या मुलाने आपला गठ्ठा मागे सरकवला, तर काम एका मिनिटात उरकतं. रोजची चार मिनिटं वाचली. २०० दिवसांत ती ८०० मिनिटं होतात, म्हणजे ४० मिनिटांचे तब्बल २० तास. एखादा अख्खा घटक त्यात शिकवून होतो. पहिल्या आठवड्यात एक तास फक्त या सरावाला दिलात तर अभ्यासक्रम मागे पडेल ही भीती बाळगू नका.

शांततेची खूण एकच ठेवा. हात वर करा, थांबा, आणि पूर्ण वर्ग शांत होईपर्यंत एक शब्दही बोलू नका. निम्मा वर्ग बोलत असताना तुम्ही सूचना द्यायला सुरुवात केलीत, तर तुम्ही बोलताना बोललं तरी चालतं हे मुलं त्याच दिवशी शिकतात.

नियम तीन किंवा चार, आणि पाळला की नाही हे डोळ्यांना दिसेल असे. ‘चांगलं वागा’ याने काहीच कळत नाही. ‘एक जण बोलत असताना बाकीचे ऐकतील’ हे कळतं.

५. पाठ आखताना शेवटापासून सुरुवात करा

टाचणाचा (पाठाच्या लेखी आखणीचा) नमुना शाळा देईल तसा भरा, पण त्याआधी स्वतःसाठी एका कागदावर दोनच रकाने करा: वेळ आणि मुलं काय करतील. दुसऱ्या रकान्यात ‘ऐकतील’ हा शब्द सलग दहा मिनिटांपेक्षा जास्त आला तर आखणी बदला.

सगळ्यांत आधी ठरवायचा तो तासाच्या शेवटी विचारायचा एक प्रश्न, ज्याच्या उत्तरावरून आजचं समजलं की नाही ते दिसेल. मग त्याचं चुकीचं उत्तर काय येऊ शकतं ते लिहा. उदाहरणार्थ, अपूर्णांकांची बेरीज. १/२ + १/३ दिलं की बरीच मुलं २/५ लिहितात: वरचे वर मिळवले, खालचे खाली. इथे ‘चूक, छेद समान करा’ एवढं सांगून पुढे गेलात तर मूल रीत पाठ करतं आणि महिन्याभराने पुन्हा २/५ लिहितं. त्यापेक्षा सहा सारखे चौकोन असलेली कागदाची पट्टी प्रत्येकाच्या हातात द्या. अर्धी पट्टी रंगवा: तीन चौकोन. आता एक तृतीयांश: आणखी दोन चौकोन. एकूण पाच रंगले, सहापैकी. मग विचारा, २/५ हे अर्ध्यापेक्षा मोठं की लहान? लहान आहे. अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं आलं? या प्रश्नावर वर्गात जी शांतता पसरते ती मोडायची घाई करू नका. आता ‘पट्टीचे सहाच चौकोन का घेतले?’ हे विचारलंत की समान छेद मुलांकडूनच येतो. ही पट्टी तासाच्या मध्यावर सुचणं कठीण असतं. चुकीचं उत्तर आदल्या दिवशी लिहून ठेवलं तरच ती तयार असते.

४० मिनिटांची ढोबळ वाटणी अशी धरा: कालच्या भागावर ५ मिनिटं, नवीन भाग दाखवायला १०, सगळ्यांनी मिळून सोडवायला १०, एकेकट्याने करायला १०, शेवटचा प्रश्न आणि आवरायला ५. नवख्यांच्या आखणीत हमखास ६० मिनिटांचं सामान असतं. म्हणून टाचणातच दोन खुणा करा: वेळ कमी पडला तर काय गाळायचं, आणि वेळ उरला तर काय द्यायचं. गाळायचं ते उदाहरणांपैकी एखादं. एकेकट्याने करायचा सराव कधीही गाळू नका, कारण मूल कुठे अडलंय ते तिथेच कळतं.

प्रत्येक तासाचं साहित्य स्वतः बनवायच्या मागे लागू नका. सहकाऱ्यांचं टाचण आणि कार्यपत्रिका मागून घ्या, आपल्या वर्गाप्रमाणे बदला, आणि आठवड्याला एकच पाठ अगदी मनासारखा घडवा.

६. प्रश्न विचारायची पद्धत

अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं ऐकून १९७४ साली दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. तोच अवधी तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांबतात, जास्त मुलं बोलू लागतात आणि ‘माहीत नाही’ कमी होतं. तीन सेकंद वर्गात फार मोठे वाटतात, म्हणून मनातल्या मनात मोजा.

आधी प्रश्न, मग थांबणं, मग नाव. नाव आधी घेतलंत की बाकीची ४४ मुलं विचार करायचं थांबवतात. नावांच्या चिठ्ठ्यांतून एक काढली की नेहमीच्याच पाच हातांवर तास चालत नाही. आणि ‘समजलं का?’ हा प्रश्न सोडून द्या. त्यावर वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो, न समजलेलं मूलही. त्याऐवजी प्रत्येकाने उत्तर पाटीवर किंवा कागदावर लिहून एकदम वर धरायचं. पाच सेकंदांत पूर्ण वर्ग दिसतो.

७. वर्ग बिघडतो तेव्हा

सगळ्यांत छोट्या उपायापासून सुरुवात करा. नजर. मग बोलणं मध्येच थांबवणं. मग त्या बाकापाशी जाऊन उभं राहून शिकवत राहणं. मग हळू आवाजात नाव. मग तासानंतर दोन मिनिटं बाजूला घेऊन बोलणं. मग शाळेची ठरलेली पद्धत. नवखे शिक्षक पहिल्या पायरीवरून थेट शेवटच्या पायरीवर जातात, आणि मग हातात काही उरत नाही.

मुलाशी सगळ्यांसमोर वाद घालू नका; बघणारे असले की मुलाला माघार घेता येत नाही. पाळता येणार नाही अशी धमकी देऊ नका. एकासाठी अख्ख्या वर्गाला शिक्षा केलीत तर तुमच्या बाजूची मुलंही दुरावतात. वागण्याबद्दल विषयाचे गुण कापू नका. हात उचलणं, अपमान करणं, टोपणनावाने चिडवणं कोणत्याही परिस्थितीत नाही, कितीही थकला असलात तरी. राग अनावर होतोय असं वाटलं तर वर्गाला पाच मिनिटांचं लेखी काम द्या आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहा.

काय घडलं आणि तुम्ही काय केलं याची त्याच दिवशी दोन ओळींची नोंद ठेवा, तारखेसह. महिन्याने पालकांसमोर बसाल तेव्हा आठवणीपेक्षा ती वही उपयोगी पडते.

८. वह्यांचा डोंगर

४५ वह्या, प्रत्येकीला तीन मिनिटं: सव्वादोन तास. असे चार वर्ग असले तर नऊ तास. हे दर आठवड्याला झेपत नाही, म्हणून आधीच ठरवा की काय तपासायचं. रोजच्या सरावाची उत्तरं वर्गातच, मुलांनी आपापली तपासावीत. तुम्ही नीट वाचायचा तो आठवड्यातला एक निवडक प्रश्न.

वाचताना शेजारी एक कागद ठेवा. एकसारखी चूक दिसली की तिथे रेघ ओढा. एखाद्या चुकीपुढे पंधरा रेघा झाल्या तर पंधरा वह्यांत तेच लिहिण्याऐवजी उद्याची पहिली दहा मिनिटं त्यावर घ्या. शेरा लिहिलात तर त्यात मुलाने काय करायचं ते असू द्या: ‘छान’ किंवा ‘सुधारणा हवी’ याऐवजी ‘दुसऱ्या परिच्छेदात कारण दिलेलं नाही, एक वाक्य घाल’. आणि ते वाक्य घालायला वर्गात पाच मिनिटं द्या. रूथ बटलर यांच्या १९८८ मधल्या प्रयोगात नुसता शेरा मिळालेल्या मुलांचं पुढचं काम सुधारलं, शेऱ्यासोबत गुणही दिले तेव्हा तो फायदा दिसला नाही. मुलं गुण पाहून वही मिटतात. चाचणी सोडून बाकी ठिकाणी गुण टाळता येतात का ते बघा.

हजेरीपटात खाडाखोड करू नका. चूक झाली तर एक रेघ ओढून शेजारी बरोबर नोंद आणि सही.

९. पालक, आणि मुलाने सांगितलेली गुपितं

पहिल्या तीन आठवड्यांत जमेल तितक्या घरांपर्यंत एखादी चांगली गोष्ट पोचवा: वहीत एक ओळ, दोन मिनिटांचा फोन. पुढे तक्रार सांगायची वेळ आली तर ती ऐकून घेतली जाते. भेटीत मुलाची वही समोर ठेवा, जे दिसतंय तेवढंच सांगा, दुसऱ्या मुलाशी तुलना नको. फोन कोणत्या वेळात घेणार ते सुरुवातीलाच सांगा. मुलांशी खासगी मेसेजवरून एकेकट्याने बोलू नका आणि त्यांचे फोटो स्वतःच्या खात्यावर टाकू नका.

एखादं मूल घरी किंवा अन्यत्र मारहाण, छळ, नको तो स्पर्श असं काही सांगू लागलं तर हातातलं काम थांबवून ऐका. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. ‘तू सांगितलंस ते बरं केलंस, मदत करू शकतील त्यांनाच मी सांगेन’ एवढं म्हणा. खोदून खोदून विचारू नका, उत्तर सुचवणारे प्रश्न तर नकोतच. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह त्याच दिवशी लिहा आणि शाळेत ज्यांच्यावर ही जबाबदारी आहे त्यांना त्याच दिवशी कळवा. स्वतः चौकशी करायला किंवा घरी जाऊन जाब विचारायला जाऊ नका. मूल त्याच घरी परत जाणार असतं.

१०. घसा आणि सहावा आठवडा

पाणी जवळ ठेवा, गोंगाटावर आवाज चढवू नका, खोलीच्या मध्यावर जाऊन बोला. आवाज बसला आणि तीन आठवड्यांत सुटला नाही तर घशाच्या डॉक्टरांना दाखवाच.

नव्या शिक्षकांबरोबर काम करणाऱ्या एलन मोअर यांनी १९९० मध्ये पहिल्या वर्षाचे टप्पे मांडले. त्यात सलग सहा-आठ आठवडे काम झाल्यावर उमेद खचण्याचा टप्पा येतो. नेमक्या त्याच सुमारास चाचण्या, पालकसभा आणि तपासणी एकत्र येते. हे दिवस आले की ‘मला शिकवता येत नाही’ असा निष्कर्ष काढू नका. त्या पंधरवड्यात नवीन काही सुरू करू नका, आठवड्यातली एक संध्याकाळ शाळेच्या कामापासून मोकळी ठेवा, आणि वर्ग हातात असलेल्या एखाद्या सहकाऱ्याच्या तासाला मागे जाऊन बसा. तिथे एकच गोष्ट बघा: मुलं एका कामावरून दुसऱ्या कामावर जातात तेव्हा ते शिक्षक काय करतात. मग त्यांना तुमच्या तासाला बोलवा आणि त्यांच्याकडेही एकाच गोष्टीवर अभिप्राय मागा, जसं की ‘मी कोणत्या मुलांना प्रश्नच विचारले नाहीत?’

दर शुक्रवारी किंवा आठवड्याच्या शेवटच्या दिवशी घरी निघण्याआधी टाचणाच्या मागच्या पानावर तीन ओळी लिहा: कोणतं उदाहरण चाललं, कुठे मुलं अडली, कोणत्या भागाला किती मिनिटं प्रत्यक्षात लागली. सत्र संपलं की ही पानं फाडून घटकाप्रमाणे एका फाइलमध्ये लावा. पुढच्या वर्षी तोच घटक येईल तेव्हा आधी हीच फाइल उघडा.